गाभा आणि करारनामा



संगणकाच्या इतिहासावर बोलावयास कामगार संघटनेचा माणूस कशाला बोलावला, असा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात आला असेल. आमच्याही मनात तो आला होता. आमचे शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढची विद्या नगरवाचनालयाच्या बाकावर आणि वाटाघाटींच्या टेबलाशी बसून मिळविलेली. बारा वर्षे लेथवर काढली आणि त्यानंतरची पंचवीस वर्षे करारांचे मसुदे वाचण्यात गेली. म्हणजे यंत्रातले आम्हांस थोडे कळते, आणि करारातले त्याहून थोडे अधिक. आज सांगावयाच्या हकिकतीत ही दोन्ही एकमेकांत गुंतलेली आहेत, एवढाच आमचा अधिकार.

या विषयाकडे आम्ही वळलो ते एका फजितीमुळे. आमच्या संघटनेने वर्गणीच्या नोंदी ठेवण्यासाठी एक तयार आज्ञावली विकत घेतली होती. अकरा वर्षांच्या नोंदी तीत भरल्या. पुढे संगणक जुना झाला, नवा घेतला, आणि नव्या संगणकावर ती आज्ञावली परवान्याचा क्रमांक मागू लागली. क्रमांक देणारा गृहस्थ दुकान बंद करून गेलेला. नेमके त्याच महिन्यात एका सभासदाची विधवा मदतनिधीसाठी कचेरीत येऊन बसली. तिच्या नवऱ्याने वर्गणी नेमाने भरली होती हे आम्हां सर्वांस ठाऊक, पण दाखवावयास नोंद नाही. अखेर माळ्यावरून पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती खाली काढल्या आणि तीन रात्री बसून त्या चाळल्या. तेव्हा कुठे खरेदीचा कागद आम्ही पहिल्यांदा नीट वाचला. त्यात लिहिले होते की आम्ही आज्ञावली विकत घेतलेलीच नाही. ती वापरण्याची परवानगी तेवढी घेतली आहे, आणि तिच्या आत काय आहे हे पाहण्याची वा ती दुरुस्त करण्याची मनाई आहे. जन्मभर दुसऱ्यांना ‘सही करण्यापूर्वी वाचा’ म्हणून सांगणाऱ्याने स्वतः न वाचता सही केली होती.

त्यानंतर आम्ही या परवान्यांचा इतिहास शोधू लागलो, आणि शोधता शोधता हर्ड नावाच्या एका अपुऱ्या इमारतीपाशी येऊन थबकलो. तिची गोष्ट आज सांगतो.

प्रथम दोन शब्द समजून घेऊ. आज्ञावली माणूस लिहितो ती माणसाला वाचता येईल अशा भाषेत. तिला मूळ संहिता म्हणू. ती संहिता दळून यंत्राला कळेल असे आकड्यांचे पीठ करतात. बाजारात मिळते ते पीठ. गहू कोणता होता आणि जात्यात आणखी काय पडले, हे गिऱ्हाइकाला कळण्याची सोय नसते. दुसरा शब्द कर्नल. तो प्रथम ऐकला तेव्हा आम्हांस पलटणीतला कर्नलच आठवला! इंग्रजीत दोहोंचा उच्चार एकच. परंतु हा कर्नल म्हणजे बदामाच्या कवचातला गर, गाभा. संगणक चालू केल्यापासून बंद करीपर्यंत त्याचा सारा कारभार पाहणारी जी ऑपरेटिंग सिस्टिम, तिच्या पोटातला हा गाभा. कोणत्या आज्ञावलीला यंत्राचा वेळ किती द्यावयाचा, स्मरणातली जागा कोणाला किती, हे तो ठरवितो. बाकी सर्व असले आणि गाभा नसला तर यंत्र हलत नाही.

१९६९ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत केन टॉमसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिम रचावयास घेतली. ही प्रयोगशाळा एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीची. १९५६ च्या एका न्यायालयीन समझोत्याने या कंपनीस दूरध्वनीखेरीज इतर धंद्यांत शिरण्याची बंदी होती. म्हणून युनिक्स तिला इतर मालासारखी बाजारात मांडता येईना. विद्यापीठांना ती मूळ संहितेसह अल्प मोबदल्यात मिळू लागली. विद्यार्थ्यांनी वाचली, सुधारली, तीत भर घातली. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाने तर इतकी भर घातली की बर्कलीची युनिक्स म्हणून एक वेगळी शाखाच झाली. पुढे १९८४ च्या आरंभी कंपनीचे विभाजन झाले, जुने बंधन सुटले आणि युनिक्स हा विक्रीचा माल बनला. परवान्याची किंमत चढू लागली. गवंड्याने बांधलेल्या घरात शिरावयास गवंड्यालाच पास मागावा, तशी त्या विद्यापीठांतल्या मंडळींची अवस्था झाली.

याच सुमारास मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे एक तरुण आज्ञावलीकार काम करीत. त्यांच्याकडे झेरॉक्स कंपनीचे एक छपाईयंत्र आले. त्यात कागद वरचेवर अडके. आधीच्या यंत्राच्या आज्ञावलीत त्यांनी स्वतः दुरुस्ती केली होती, कागद अडकला की सर्वांस सूचना जाई. पण या नव्या यंत्राची संहिताच मिळेना. ती कार्नेगी मेलन विद्यापीठातील एका गृहस्थापाशी होती. स्टॉलमन यांनी समक्ष जाऊन मागितली, तेव्हा ‘कोणाला देणार नाही असे लिहून दिले आहे’ असे उत्तर मिळाले. कार्नेगी मेलन हे नाव श्रोत्यांनी लक्षात ठेवावे; याच विद्यापीठाच्या दाराशी पुन्हा एकदा जावे लागणार आहे.

२७ सप्टेंबर १९८३ रोजी स्टॉलमन यांनी जाहीर केले की युनिक्ससारखी, परंतु सर्वांस वाचता, बदलता व वाटता येईल अशी संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम आपण उभी करणार. नाव ठेवले ग्नू. ‘ग्नू म्हणजे युनिक्स नव्हे’ या अर्थाच्या इंग्रजी वाक्याची ती आद्याक्षरे. जानेवारी १९८४ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. याचे कारण आमच्या धंद्यातल्या माणसास फार आवडण्याजोगे आहे. नोकरीत राहून लिहिले तर त्या लिखाणावर संस्था हक्क सांगेल आणि आपल्या अटींवर ते वाटता येणार नाही, अशी त्यांस भीती होती. पगार सोडून त्यांनी मालकी राखली, आणि मालकी राखली ती सर्वांना देऊन टाकण्यासाठी.

हे देऊन टाकणेही त्यांनी कागदावर बांधून टाकले. १९८९ मध्ये ग्नूचा सार्वजनिक परवाना निघाला. त्यातली मेख अशी: ही आज्ञावली कोणीही घ्यावी, बदलावी, विकावी सुद्धा, मात्र बदललेली वस्तू दुसऱ्याला द्याल तर तिची मूळ संहिता आणि हेच हक्क त्यालाही द्यावे लागतील. लेखकाच्या स्वामित्वहक्काचा जो कायदा कुंपण घालण्यासाठी होता, त्याच कायद्याने कुंपण घालण्यास मनाई केली. आम्ही पुष्कळ करार वाचले आहेत. इतक्या थोड्या शब्दांत इतकी पक्की गाठ क्वचितच पाहिली. ती लागूही पडली. स्टीव्ह जॉब्स यांच्या नेक्स्ट कंपनीने ग्नूच्या भाषांतरक आज्ञावलीला आपला एक भाग जोडला होता आणि तो भाग गुप्त ठेवण्याचा तिचा विचार होता. या अटीपुढे तो तिला खुला करावा लागला.

पहिल्या सहा-सात वर्षांत ग्नूच्या मंडळींनी संपादक, भाषांतरक, दोषशोधक अशी एकेक हत्यारे घडविली. राहिला होता गाभा. तो शेवटी ठेवला हे चुकले असे नंतर पुष्कळांनी म्हटले. आधी त्यांच्याच संस्थेतील ट्रिक्स नावाचा गाभा घेण्याचे ठरले होते. पण तो ज्या यंत्रावर चाले ते यंत्र फारसे कोणापाशी नव्हते. मग १९८८ च्या सुमारास त्यांची दृष्टी कार्नेगी मेलनकडे वळली. तेथे रिचर्ड रशीद आणि त्यांचे विद्यार्थी अ‍ॅव्ही तेव्हानियन हे १९८५ पासून माक नावाचा एक नव्या धर्तीचा गाभा तयार करीत होते.

ही नवी धर्ती कोणती? जुन्या कापड गिरणीत एका वाफेच्या इंजिनावर सारे खाते चाले. इंजिनावरून शाफ्ट, शाफ्टवरून पट्टे, पट्ट्यांवर माग. इंजिन बसले की खाते बसले. पुढे प्रत्येक मागाला स्वतंत्र मोटर आली. एक माग बिघडला तरी शेजारचा चालू राहतो, आणि बिघडलेला बाजूला काढून दुरुस्त करता येतो. युनिक्सचा गाभा हे जुने इंजिन. फायलींची व्यवस्था, जाळ्यावरील दळणवळण, यंत्राच्या निरनिराळ्या भागांशी बोलणे, सारे एका पिंडात. नव्या धर्तीच्या मायक्रोकर्नलमध्ये, म्हणजे सूक्ष्म गाभ्यामध्ये, फक्त अगदी अवश्य तेवढे ठेवतात: वेळ वाटणे, स्मरण वाटणे आणि निरोप पोचविणे. बाकीची कामे स्वतंत्र सेवकांकडे. हे सेवक एकमेकांशी निरोपांनी बोलतात आणि गाभा टपालवाल्याचे काम करतो.

ग्नूच्या मंडळींनी या माकवर आपले सेवक बसविण्याचे योजिले. या सेवकसमूहाला हर्ड हे नाव पडले. त्यातली एक कल्पना आम्हांस विशेष भावली. एरवी फायलींची नवी व्यवस्था बसवावयाची तर यंत्राच्या व्यवस्थापकाची परवानगी लागते. हर्डमध्ये साधा वापरणारा सुद्धा आपल्यापुरता सेवक लिहून बसवू शकतो. शेजाऱ्याला त्याचा उपद्रव नाही आणि साहेबाची सही नको. लोकशाहीचे तत्त्व यंत्राच्या रचनेतच उतरविण्याचा हा प्रयत्न होता.

परंतु माक हाती यावा कसा? त्याच्या आरंभीच्या आवृत्त्यांत बर्कलीच्या युनिक्सचा मोठा भाग मिसळलेला होता आणि बर्कलीच्या युनिक्समध्ये एटी अँड टीच्या ओळी होत्या. म्हणजे माक घ्यावयाचा तर दूरध्वनी कंपनीचा परवाना हवा. संहिता वेगळी काढून माक मोकळा करू असे कार्नेगी मेलनकडून आश्वासन होते. स्टॉलमन थांबले. यात दोन-तीन वर्षे गेली. १९९० च्या अलीकडेपलीकडे माकची तिसरी, खरोखर सूक्ष्म अशी आवृत्ती युनिक्सच्या ओळींपासून मोकळी झाली आणि १९९१ मध्ये हर्डची जाहीर घोषणा झाली. थॉमस बुशनेल हे त्याचे मुख्य रचनाकार. आपली पहिली पसंती बर्कलीच्या संहितेवर गाभा बांधण्याची होती आणि तसे केले असते तर जगाचे चित्र वेगळे दिसले असते, असे त्यांनी पुढे सांगितले.

बर्कलीकडे तेव्हा काय चालले होते तेही पाहण्यासारखे आहे. कीथ बॉस्टिक या तेथील आज्ञावलीकाराने लोकांस आवाहन केले की युनिक्सची छोटी छोटी उपकरणे, जुनी संहिता न पाहता, त्यांच्या कामाच्या वर्णनावरून नव्याने लिहून द्या. मोबदला काय? भर घालणाऱ्यांच्या यादीत नाव, बस्स. दीड वर्षात जवळजवळ सर्व महत्त्वाची उपकरणे लिहून झाली. मग बॉस्टिक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी गाभ्याची एकेक फाइल तपासून कंपनीच्या ओळी काढून टाकल्या. शेवटी केवळ सहा फायली नव्याने लिहावयाच्या उरल्या, आणि जून १९९१ मध्ये उरलेले सारे खुले करण्यात आले. त्या सहा फायली भरून एका नव्या कंपनीने संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम संहितेसह ९९५ डॉलरला विकावयास काढली. एटी अँड टीच्या शाखेने १९९२ मध्ये तिच्यावर दावा लावला, आणि पुढे विद्यापीठालाही त्यात ओढले. समझोता झाला तो १९९४ च्या आरंभी. वादाचा निकाल काय? सुमारे १८,००० फायलींपैकी तीन काढून टाकाव्या लागल्या, आणि ७० च्या आसपास फायलींवर कंपनीचे नाव घालण्यात आले. तीन फायली! पण दावा चालू होता तोपर्यंत त्या संहितेला हात लावणाऱ्याच्या डोक्यावर तलवार टांगलेली. कामगार न्यायालयाच्या पायऱ्या ज्यांनी झिजविल्या त्यांस हे नवे नाही. निकालात काय मिळते याहून निकाल लागेपर्यंत काय निघून जाते, हे मोठे असते.

ही मधली वर्षेच निर्णायक ठरली. अ‍ॅम्स्टरडॅमच्या व्राइज विद्यापीठातील प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी १९८७ मध्ये मिनिक्स नावाची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम आपल्या पाठ्यपुस्तकाबरोबर प्रसिद्ध केली होती. तिचाही गाभा सूक्ष्म. संहिता वाचावयास मिळे, पण हक्क प्रकाशकाकडे. सुधारलेली संपूर्ण प्रत वाटण्याची मुभा नव्हती, म्हणून लोक नुसत्या दुरुस्त्यांचे तुकडे एकमेकांस धाडीत. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा लिनस टोरवाल्ड्स हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी हीच मिनिक्स वापरीत होता. ऑगस्ट १९९१ मध्ये त्याने कळविले की आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत आहोत, ग्नूसारखे मोठे काही नव्हे. त्याचा गाभा जुन्या इंजिनाच्या धर्तीचा, एकाच पिंडाचा. पहिल्या परवान्यात त्याने पैसे घेण्यास बंदी घातली होती. त्यामुळे फ्लॉपीच्या प्रती काढून देणाऱ्यांस खर्चापुरतेही घेता येईना. १९९२ च्या आरंभी त्याने तो बदलून स्टॉलमन यांचा परवाना लावला. गाभ्याला ग्नूची तयार हत्यारे मिळाली, ग्नूला चालता गाभा मिळाला. लिनक्स म्हणून आज जे जगभर चालते ते हे.

२९ जानेवारी १९९२ रोजी टॅनेनबॉम यांनी लिनक्स कालबाह्य असल्याचे जाहीरपणे लिहिले. त्यांचे म्हणणे, १९९१ मध्ये एकपिंडी गाभा लिहिणे म्हणजे वीस वर्षे मागे जाणे. टोरवाल्ड्सने तिखट उत्तर दिले. पण सूक्ष्म गाभा तत्त्वतः अधिक चांगला हे कबूलही केले, आणि ग्नूचा गाभा आदल्या वसंत ऋतूत तयार असता तर आपण या भानगडीत पडलोच नसतो असेही सांगून टाकले. हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो.

हर्डचे काम चालूच होते. पण सेवक वेगवेगळे केले की दोष शोधणे सोपे जाईल ही अपेक्षा फोल ठरली. निरोप एकाच वेळी दहा दिशांनी जात-येत असतात. कोणता उशिरा पोचल्यामुळे काम अडले हे शोधणे फार कठीण, असे स्टॉलमन यांनी स्वतः लिहिले आहे. शिवाय माकचे टपाल मंद. एका पिंडात जे काम हाक मारून होते, तेथे येथे पत्र, पोच आणि उलट टपाल. रशीद १९९१ मध्येच मायक्रोसॉफ्टमध्ये गेले, १९९४ मध्ये कार्नेगी मेलनमधले माकचे काम थांबले आणि हर्डचा पाया पोरका झाला. हर्डची पहिली परीक्षणापुरती आवृत्ती १९९६ मध्ये निघाली. तोवर लिनक्सवर लोकांची रोजची कामे चालू झालेली होती. पुढे योखेन लीट्के या जर्मन शास्त्रज्ञाने एल-फोर हा चपळ सूक्ष्म गाभा करून दाखविला. हर्ड त्यावर हलविण्याचे प्रयत्न झाले, तेही सुटले.

जाणकार याचे खापर दोन ठिकाणी फोडतात. कोणी म्हणतात रचनाच अव्यवहार्य. कोणी म्हणतात परवान्याचा हट्ट नडला. पहिल्याविषयी आम्ही बोलत नाही, तो इंजिनिअरांचा प्रांत. दुसरे आम्हांस मान्य नाही. संशयित कागदावर बांधकाम केले तर काय होते हे बर्कलीच्या तीन फायलींनी दाखविले. चूक असलीच तर वेगळ्या जागी होती. मसुदा वकिलाकडे गेला म्हणून आम्ही गेटसभा थांबवीत नाही. रोज पाच माणसे जमली तरी सभा होते, कारण जमाव एकदा पांगला की मसुदा कितीही चांगला आला तरी सही करावयास कोणी उरत नाही. हेलसिंकीच्या मुलाने मोडकेतोडके चव्हाट्यावर मांडले आणि शेकडो हात लागले. हर्ड मोजक्या माणसांच्या हाती राहिले. आमचे वडील १९८२ च्या मुंबईच्या गिरणीसंपात होते. तो संप रीतसर कोणी मागे घेतलाच नाही. मागण्या बरोबर होत्या, हे ते अखेरपर्यंत सांगत. आणि सांगून झाले की गप्प बसत.

उरलेल्या पात्रांचे काय झाले तेही सांगितले पाहिजे. माकला बेवारस म्हणता यावयाचे नाही. ज्या नेक्स्ट कंपनीला ग्नूच्या अटीपुढे नमावे लागले, तिनेच आपल्या यंत्रांसाठी माक घेतला होता. तेथे मात्र अशी अट नव्हती. १९९६ च्या अखेरीस अ‍ॅपलने नेक्स्ट विकत घेण्याचे जाहीर केले, आणि २००१ पासूनच्या मॅकमध्ये व २००७ पासूनच्या आयफोनमध्ये माकचा वंशज बर्कलीच्या संहितेबरोबर एका घरात नांदतो आहे. त्याची बरीचशी संहिता अ‍ॅपल प्रसिद्ध करते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. मात्र ती वाचून, सुधारून आपल्याच फोनमध्ये बसवू म्हणाल तर कंपनी बसवू देत नाही. गहू दाखवितात, पण जाते त्यांचेच.

मिनिक्सची कथा याहून बोलकी आहे. २००० मध्ये ती बर्कलीच्या धर्तीच्या, कसलीही परतफेड न मागणाऱ्या परवान्याखाली मोकळी झाली. २०१७ मध्ये उघड झाले की इंटेल कंपनीने आपल्या चिपांच्या पोटात, वापरणाऱ्याच्या नजरेआड चालणाऱ्या एका छोट्या संगणकात, मिनिक्सच बसविली आहे. टॅनेनबॉम यांना हे वर्तमानपत्री बातम्यांतून कळले. त्यांनी इंटेलला जाहीर पत्र लिहिले: परवान्याप्रमाणे आपण काही चुकलेला नाही, पैशांची अपेक्षाही नव्हती, एवढेच की कळविले असते तर बरे वाटले असते. सभ्य माणसाचे पत्र. आमच्या कचेरीत अशी पत्रे पुष्कळ येतात. तीस वर्षे नोकरी करून निवृत्तीच्या दिवशी साधा नारळही न मिळालेल्या माणसांची.

आणि हर्ड? ते संपलेले नाही. डेबियन नावाच्या, स्वयंसेवकांनी चालविलेल्या संस्थेच्या छत्राखाली त्याच्या आवृत्त्या निघत आल्या आहेत. २०१३ ची आली, २०१९ ची आली, २०२३ ची आली. थोडी माणसे आपल्या फुरसतीत त्याच्या फटी बुजवीत असतात. आमच्या कचेरीच्या संगणकावर आता लिनक्स आहे आणि वर्गणीच्या नोंदी कोणालाही उघडता येतील अशा रीतीने ठेवल्या जातात. कचेरीत हिशेब पाहणाऱ्या पोराला आम्ही मागच्या दिवाळीत म्हटले, बाबा, ते हर्ड एकदा डोळ्यांनी दाखव. त्याने खटपट करून त्याच संगणकाच्या पोटात ते चालू केले. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकल्या. एकेक सेवक उठून कामाला लागल्याच्या त्या वर्दीच होत्या. शेवटी नाव विचारणारी ओळ आली आणि ते थांबले. ‘काय टाकू, काका?’ पोराने विचारले. तेवढ्यात बोनसच्या अर्जाची मंडळी जिना चढून आली, आणि त्याने ती खिडकी मिटून नोंदींची वही उघडली.